सर्पदंश किट: हजार-दीड हजार घालावेत का?

ऑनलाइन दुकानांत ‘सर्पदंश किट’ नावाने जे डबे मिळतात, त्यांतले सामान थोड्याफार फरकाने सारखेच असते: प्लास्टिकचा पंप, त्याला बसणाऱ्या लहानमोठ्या वाट्या, ब्लेड, आवळपट्टी, जंतुनाशक पुसण्या आणि एक माहितीपत्रक. ट्रेकच्या सॅकमध्ये डबा शोभून दिसतो. साप चावल्यावर मात्र त्यातल्या बहुतेक वस्तू अपायच करतात.

जाहिरात सगळी पंपाची. वाटी जखमेवर दाबून दट्ट्या ओढला की लालसर पाणी जमते आणि विष निघाले असे वाटते. ते असते रक्त आणि ऊतींतला द्रव. घोणशीचे दात लांब. विष खोल जाते आणि भोक लगेच मिटते. अशा पंपांच्या चाचण्यांत बाहेर आलेले विष जवळजवळ शून्य भरले. वाटीखालची कातडी काळवंडते ते वेगळेच. खरे नुकसान वेळेचे.

ब्लेड तर फेकूनच द्या. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते, म्हणजे आपणच दिलेला काप वाहत राहतो.

आवळपट्टीने दोन तऱ्हांनी घात होतो. घोणशीच्या दंशात विष एका जागी कोंडले जाऊन तिथले मांस सडते. नाग किंवा मण्यार चावला असेल, तर पट्टी सोडल्यावर अडवलेले विष एकदम पसरून श्वास बंद पडू शकतो. म्हणून कुणी आधीच करकचून बांधली असेल तर ती वाटेत सोडू नये. दवाखान्यात प्रतिविष आणि कृत्रिम श्वासाची तयारी झाली की मग डॉक्टर ती सोडतात.

माहितीपत्रकांत ‘तिकोनी डोके म्हणजे विषारी’ असे चित्र हमखास असते. नाग आणि मण्यार दोघांचीही डोकी तशी नसतात. दोन दातांच्या खुणा शोधण्यातही अर्थ नाही: मण्यार रात्री झोपलेल्या माणसाला चावते, खूण दिसेलच असे नाही, दुखतही नाही. पहाटे पोटात कळ, उलटी, मग पापण्या जड होतात. अशा वेळी अपचन समजून ओवा देणारे घर अजूनही सापडते.

त्याच पैशांत गमबूट आणि चांगली बॅटरी येते. जमिनीवर झोपणाऱ्यांनी नीट खोचलेली मच्छरदाणी घ्यावी. डब्यात ठेवायचेच तर १५ सेंमी रुंदीचे क्रेप बँडेज, हात-पाय स्थिर ठेवायला फळी आणि पेन. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण सूज चढण्याआधी काढा. फळी बांधताना बँडेजखाली बोट सहज जायला हवे. रुग्णाला चालवू नका. १०८ ला उशीर असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्या. दंशाची वेळ आणि सुजेची कड पेनाने अंगावरच लिहा. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. साप मारण्यात वेळ घालवू नका; सुरक्षित अंतरावरून फोटो मिळाला तर ठीक.

‘लस (म्हणजे प्रतिविष) घरीच ठेवली तर?’ असेही विचारतात. नको. ती शिरेतून द्यावी लागते, विषबाधेची लक्षणे दिसल्यावर साधारण १० कुप्यांपासून सुरुवात होते आणि तीव्र ॲलर्जी आली तर ॲड्रेनालिन हाताशी लागते. शिवाय भारतातले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरच बनते. सह्याद्रीतल्या चापड्यावर ते चालत नाही.

ट्रेकला किंवा शेतघरी जाण्याआधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात फोन करून तीन गोष्टी विचारा: प्रतिविषाच्या किमान १० कुप्या आहेत का, रात्री डॉक्टर असतात का, व्हेंटिलेटर नसेल तर पुढे कुठे पाठवतात.