रोटाकॅप की ॲक्युहेलर?
चिपळूणच्या मावशीला डॉक्टरांनी श्वासातून ओढायच्या पावडर-औषधाचे हे दोन्ही पर्याय दिले: सुटी कॅप्सूल असलेली रोटाकॅप, किंवा डोस आतच भरलेला ॲक्युहेलर. पावसाळ्यात कोणता टिकेल, हा तिचा प्रश्न.

रोटाकॅप स्वस्त, पण दमट हवा त्या कॅप्सूलला सोसत नाही. बाटलीचं झाकण उघडं राहिलं की कॅप्सूल मऊ पडते, पावडर आतच चिकटते. म्हणून औषध घ्यायच्या क्षणीच ती काढायची, तीही कोरड्या हातानं. रोटाहेलर, म्हणजे कॅप्सूल घालून ओढायचं उपकरण, धुता येतो. पूर्ण वाळल्याशिवाय मात्र वापरू नये.

ॲक्युहेलरचा प्रत्येक डोस फॉइलमध्ये बंद, उरलेले डोस दाखवणारा आकडा सहसा 60 वरून उतरत जातो. तो धुवायचा नाही, त्यात फुंकायचंही नाही. पाकीट उघडल्यावरची मुदत एक्स्पायरीच्या आधीच संपू शकते. पत्रक वाचून उघडल्याची तारीख त्यावर लिहाच.

बोटं थरथरत असतील तर ॲक्युहेलर. हात स्थिर आणि महिन्याचा खर्च मोजून असेल, तर रोटाकॅप. बाथरूममध्ये दोन्ही नकोत.