‘त्यानंतर’ की ‘त्यामुळे’?

मुंबईच्या गिरणगावावरचा, म्हणजे कापड गिरण्यांच्या भागावरचा, प्रबंध तपासताना माझी पेन्सिल हमखास एकाच शब्दापाशी अडते. ‘१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. त्यामुळे गिरण्या बंद पडल्या.’ इथे ‘त्यानंतर’ लिहिलं तर फक्त क्रम सांगितला जातो. तारखा दाखवल्या की काम झालं. ‘त्यामुळे’ लिहिलं की कारण सिद्ध करायची जबाबदारी अंगावर येते. मग जुनाट यंत्रं, यंत्रमागांची स्पर्धा, जमिनीचे चढते भाव यांचं काय? ‘त्यानंतर’ मिळमिळीत वाटतो, कबूल. पण पुरावा हाती नसेल तर मी तोच ठेवते. आणि ‘परिणामी’ लिहून सुटका नाही हं; तो ‘त्यामुळे’चाच कोट घातलेला भाऊ. एका परिच्छेदात असे पाच दिसले, की चार खोडते.