कावडीतले पाणी आणि वीस बाजूंचा फासा

नीतिविचारावर चर्चा घडवून आणण्यासाठी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ घ्यावा का, असे संभाजीनगरातील आमच्या वाचकमंडळात कोणी विचारले, तर माझे उत्तर होकारार्थी असते. मात्र त्यातील नीतीविषयीचा जो भाग सर्वांत प्रसिद्ध आहे, तोच बाजूला ठेवावा, असेही मी सांगतो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या या खेळाची पहिली आवृत्ती १९७४ साली अमेरिकेत निघाली. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, इतर जण आपापल्या पात्राच्या वतीने निर्णय घेतात आणि यशाची खात्री नसेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकला जातो. प्रत्येक पात्राची वृत्ती नऊ घरांपैकी एका घरात बसवलेली असते: एकीकडे नियमनिष्ठ, तटस्थ, स्वैर आणि दुसरीकडे सज्जन, तटस्थ, दुर्जन. याला ‘अलाइनमेंट’ म्हणतात. नवख्याला त्याचा आधार वाटतो खरा, पण निर्णयाचे कारण विचारले की ‘माझे पात्र स्वैर आहे’ एवढे सांगून तो मोकळा होतो आणि चर्चा तिथेच खुंटते.

खेळाचे खरे बळ प्रसंगात आहे. काशीची गंगा रामेश्वराला नेताना एकनाथांनी ती तहानेल्या गाढवाला पाजली, ही कथा पैठणच्या पंचक्रोशीत कोणाला सांगावी लागत नाही. आमच्या सूत्रधाराने ड्रॅगनला रजा देऊन त्यावर प्रसंग रचला, पण कावडीतले पाणी दुसऱ्याने नवसापोटी विश्वासाने सोपवलेले, वाटेत तहानलेली अख्खी वस्ती आणि पाणी सर्वांना न पुरणारे, असे बदल केले. नाथांनी स्वतःचे पुण्य पणाला लावले होते. दुसऱ्याची ठेव वाटण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, यावर मंडळी हमरीतुमरीवर आली. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी अनुभवलेल्या लातूरकरांनी तर आधी कोणाला द्यायचे, या क्रमावरच बैठक रंगवली.

त्यात फासा भर घालतो. पाणी वाटण्याच्या तडजोडीसाठी वस्तीच्या पाटलाचे मन वळवायला फाशावर किमान १५ हा आकडा ठरला आणि फाशाच्या आकड्यात मिळवायला पात्राकडे कौशल्याचे गुण नसले, तर यशाची शक्यता ३० टक्केच उरते. फासा अनुकूल पडला, तेव्हा तडजोडीला सर्वांनी शहाणपण म्हटले. प्रतिकूल पडता, तर तिलाच विश्वासघात म्हटले असते. हेतू तोच असताना केवळ योगायोगाने दोषाचे माप बदलावे का, हा तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी १९७६ साली मांडलेला प्रश्न इथे व्याख्यानाशिवाय उभा राहतो.

लढाईचे नियम मात्र किचकट आहेत आणि या कामासाठी बहुतांशी निरुपयोगी. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम २०२३ पासून मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळतात, त्यामुळे महागडी पुस्तके लगेच घेण्याची गरज नाही. ते इंग्रजीत असले, तरी सूत्रधाराने वाचले की पुरे, बाकी सारा खेळ मराठीत चालतो.