देवळाच्या सभामंडपातलं पोलिसांचं ज्येष्ठांसाठी सायबर शिबिर: माझा अनुभव

आमचं गाव उत्तर गोव्यात. तिथल्या देवळाच्या सभामंडपात पोलिसांनी ज्येष्ठांसाठी फोनवरच्या फसवणुकीबद्दल शिबिर घेतलं. मी मराठी प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं, म्हणून कोण शिकवतोय आणि कोण नुसतं बोलतोय हे मला लगेच कळतं.

पहिला अर्धा तास हार, नारळ आणि दोन भाषणांत गेला. मग एक तरुण महिला कॉन्स्टेबल गुपचूप मंडपाबाहेर गेली. नंबर आम्ही दारातल्या नोंदवहीत लिहिलेच होते. दोन मिनिटांत माझ्या शेजारच्या काकींचा फोन वाजला. "तुमच्या नावाचं पार्सल मुंबई विमानतळावर पकडलंय, आत ड्रग्ज आहेत. व्हिडिओवर या, घरात कोणाला सांगू नका." काकींना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर. सगळा मंडप ऐकत होता. काकींचा आवाज कापायला लागला, आणि कोणी विचारलेलं नसतानाच पेन्शन कुठल्या बँकेत जमा होते ते त्यांनी सांगून टाकलं.

ती मुलगी फोन कानाला लावूनच आत आली. कोणी हसलं नाही. ती काकींच्या शेजारी जमिनीवर बसली, त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "बाय, आमी फोनार कोणाकच अटक करिनांत."

'डिजिटल अरेस्ट', म्हणजे फोनवर किंवा व्हिडिओवरच केलेली अटक, अशी गोष्ट कायद्यात नाही, हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. पण वाचलेलं त्या दिवशी अंगात उतरलं. पुढे तिने एक गोष्ट सांगितली, ती मला माहीत नव्हती. साक्षीदार म्हणून माहिती विचारायची असली तरी कुठल्याही बाईला किंवा साठीपुढच्या पुरुषाला ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनीच घरी यायचं असतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मध्ये तसं लिहिलं आहे.

मग तिने प्रत्येकाच्या फोनमध्ये १९३० हा नंबर घालायला लावला. स्वतः घालून दिला नाही. चष्मे शोधत, चुकत, आम्हीच तो घातला. पैसे गेले की आधी हा नंबर फिरवायचा. तक्रार बँकांपर्यंत लगेच पोचते आणि रक्कम पुढच्या खात्यात सरकली नसेल तर ती तिथेच अडवता येते. हे ऐकताना मला माझी नणंद आठवली. तिचे ४८,००० रुपये गेले आणि लाजेपायी आम्ही तीन दिवस गप्प बसलो. रायबंदरला सायबर पोलीस ठाणं आहे, तिथे कसं जायचं यावरच आमची चर्चा चालली होती. एक फोन पुरे होता. ते तीन दिवस मला अजून टोचतात.

आता उणीव. वाटलेलं पत्रक सबंध इंग्रजीत होतं. समोर बसलेल्या चाळीस माणसांपैकी ते वाचणारी पाच-सहा असतील. एकट्या राहणाऱ्यांची नावं लिहून घेतली, दर महिन्याला कोणीतरी घरी येऊन विचारपूस करील असं सांगितलं. माझ्याकडे एकदा येऊन गेले, चहा घेतला, दाराची कडी बदला म्हणाले. त्याला आता पाच महिने झाले. एकटं राहणारं माणूस अशा शब्दावर दिवस मोजतं, म्हणून हे मला लागलं. वर्ग घेणारी ती मुलगी मात्र शंभर नंबरी शिक्षिका आहे. तिला भाषणांचा अर्धा तासही द्यायला हवा होता.

तुमच्या गावात शिबिर आलं तर चष्मा आणि चार्ज केलेला फोन न्या, आणि तो खोटा कॉल करून दाखवायचा आग्रह धरा.

ते पत्रक मी मराठीत मोठ्या अक्षरांत उतरवून काढलंय. तीस झेरॉक्स काढल्या. वीस गावच्या वाचनालयात आहेत, दहा त्या कॉन्स्टेबलच्या हातात दिल्या.