सीमॅप की ट्रायपलमॅप?

पिकांच्या जीनोम डेटाबेसवर लिंकेज नकाशे (मार्कर, म्हणजे डीएनएवरच्या ओळखखुणा, कोणत्या क्रमाने आणि किती अंतरावर आहेत ते सांगणारे) दाखवायचे म्हटलं की या दोन सॉफ्टवेअरची नावं निघतातच.

सीमॅप जुना, पर्लमधला. चित्र सर्व्हरवर तयार होतं आणि सजावट कॉन्फिगरेशन फाइलमध्ये असते: नकाशाचं एकक सेंटीमॉर्गन (जनुकीय अंतराचं माप), एसएसआर मार्करला (डीएनएतल्या छोट्या पुनरावृत्तींवरच्या) एक रंग, क्यूटीएलला (एखाद्या गुणाशी निगडित पट्ट्याला) दुसरा आकार, असं प्रकारागणिक लिहीत बसायचं. ताबा भरपूर, पण डेटाबेसची रचना स्वतःची, म्हणजे चाडोत (जीनोम माहितीसाठीच्या प्रचलित डेटाबेस रचनेत) असलेली माहिती पुन्हा भरा. दोन नकाशे शेजारी मांडून समान मार्कर रेषांनी जोडणं मात्र त्याला फार छान जमतं.

ट्रायपलमॅप थेट चाडोतून वाचतो आणि ब्राउझरमध्येच डी-थ्री या जावास्क्रिप्ट लायब्ररीने चित्र काढतो. मार्करप्रकारांचे रंग वापरणारा बघता बघता बदलतो, नको तो प्रकार लपवतो. एकाच लिंकेज ग्रुपवर (साधारण एका गुणसूत्राच्या नकाशावर) एसएनपींची, म्हणजे डीएनएतल्या एका अक्षराच्या फरकावरच्या मार्करांची, गर्दी झाली, नावं एकमेकांवर चढली, की या सोयीची किंमत कळते. दोन नकाशांतले समान मार्कर ठिपक्यांनी दाखवणारा डॉट प्लॉटही मिळतो.

अट एकच: ट्रायपल (जीनोम डेटाबेसची वेबसाइट बांधायचं साधन) हवं, म्हणजे ते ज्यावर चालतं ती वेबसाइट प्रणाली, ड्रुपल, आलंच. ते आधीपासून चालू असेल तर मी सीमॅपकडे वळणार नाही. जुनं सीमॅप नीट चालतंय आणि वापरणारे मोजकेच आहेत, तर हलवायची घाई कशाला?