फेटचं सर्किट किट: बडोद्याच्या वर्गात सहा महिने वापरल्यावर

मी बडोद्यात गुजराती माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. घरी मराठी, वर्गात गुजराती. जुलैपासून दहावीचं विद्युत प्रकरण मी फेटच्या (PhET) 'सर्किट किट'वर घेते आहे. फेट म्हणजे विज्ञानाच्या सिम्युलेशनचा, म्हणजे कॉम्प्युटरवर करायच्या आभासी प्रयोगांचा संच. या किटमध्ये पडद्यावरच तारा, बॅटरी आणि बल्ब जोडता येतात. याचा वर्गात कितपत उपयोग होतो, असं शिक्षक मंडळींनी विचारलं म्हणून सविस्तर लिहिते.

फेट अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात बोल्डरला तयार होतं. कार्ल वायमन यांना २००१ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि २००२ मध्ये त्यांनी हे काम सुरू केलं. संकेतस्थळावरची सिम्युलेशन फुकट आहेत. एचटीएमएल-५ मधलं, म्हणजे थेट ब्राउझरमध्ये चालणारं, प्रत्येक सिम्युलेशन एका फाइलमध्ये उतरवून घेता येतं आणि मग इंटरनेट लागत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात नेट दिवसच्या दिवस गायब असतं, त्यामुळे मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटली. पेनड्राइव्हवर फाइल नेली की तास सुरू. फक्त ब्राउझर नवा हवा. आमच्या लॅबमधल्या चौदापैकी पाच कॉम्प्युटरवर तो इतका जुना होता की सिम्युलेशन उघडलंच नाही. उरलेल्या नवांवर सेहेचाळीस मुलं बसवली.

एका मशीनवर पाच जण म्हणजे माउसवरून भांडणं. दुसऱ्या आठवड्यात मी कामं वाटून दिली: एक जण माउस धरणार, दोघं बल्ब किती उजळेल याचा अंदाज आधी वहीत लिहिणार, दोघं आकृती काढणार, आणि दर प्रश्नाला जागा बदलायच्या. अंदाज लिहून झाल्याशिवाय माउसला हात लावायचा नाही. या एका नियमाने तासाचा नूरच पालटला. सुरुवातीला मी दोन पानी सूचनापत्र देत असे, ते बंद केलं. आता पाच मिनिटं मनसोक्त खेळू देते. बॅटरी शॉर्ट करून ज्वाळा बघायची हौस तेवढ्यात फिटते. मग एकच प्रश्न फळ्यावर लिहिते.

सर्वांत मोठा फायदा झाला तो एका जुन्या गैरसमजावर. मुलांना वाटतं, बल्ब प्रवाह खाऊन टाकतो आणि पुढच्या तारेत कमी जातो. माझ्या अठरा वर्षांच्या नोकरीत हे वाक्य दर वर्षी ऐकलं आहे. सिम्युलेशनमध्ये इलेक्ट्रॉनचे निळे ठिपके बल्बच्या अलीकडे आणि पलीकडे सारख्याच वेगाने सरकताना दिसतात. अ‍ॅमीटर दोन्हीकडे लावला की प्रवाहाचा आकडाही तोच. एका मुलीने विचारलं, "बेन, हे एवढे हळू चालतात, मग बटण दाबल्याबरोबर दिवा कसा लागतो?" उत्तर पडद्यावरच होतं: तार ठिपक्यांनी आधीपासूनच भरलेली असते आणि सगळे एकदम हलू लागतात.

आता माझी चूक. जुलैमध्ये मी आधी सिम्युलेशन घेतलं आणि नंतर खऱ्या तारा. इथल्या रावपुरा बाजारातून टॉर्चचे बल्ब, सेल, होल्डर आणले होते. पडद्यावर समांतर जोडणीत दुसरा बल्ब लावला तरी पहिल्याचा उजेड तसाच राहतो. टेबलावर मात्र दुसरा लावताच दोन्ही मंद झाले. मुलांनी तारा पुन्हा पुन्हा सोडवून जोडल्या. आपलंच चुकतंय असं त्यांना वाटत होतं, आणि मलाही पटकन सांगता आलं नाही. दोन सेलचं विभवांतर (व्होल्टेज) मल्टिमीटरवर मोजलं: मोकळे ३.१ व्होल्ट, एका बल्बला २.८, दोन लावल्यावर २.६. सेलचा स्वतःचा अंतर्गत अवरोध! म्हणजे सेलच्या आतच प्रवाहाला होणारा अडथळा; प्रवाह वाढला की त्यात जास्त व्होल्ट खर्च होतात आणि बल्बला कमी मिळतात. किटमध्ये तो मुळात शून्य धरलेला असतो.

ऑगस्टमध्ये दुसऱ्या तुकडीला उलट क्रमाने शिकवलं. आधी टेबल, मग कॉम्प्युटर. किटच्या 'लॅब' नावाच्या स्क्रीनवरच्या प्रगत पर्यायात बॅटरीचा अवरोध वाढवायची पट्टी आहे. ९ व्होल्टची बॅटरी आणि १० ओहमचा बल्ब घेतला, तर अंतर्गत अवरोध शून्य असताना प्रवाह ०.९ अँपिअर. तो २ ओहम केला की ०.७५, आणि समांतर दुसरा बल्ब लावला की प्रत्येकातून जेमतेम ०.६४. पडद्यावरचे बल्बही टेबलासारखे मंद झाले तेव्हा वर्गात जो गलका उठला, तसा या प्रकरणात मी कधी ऐकला नव्हता. हे अभ्यासक्रमात विचारत नाहीत. तरी मी त्यावर अख्खा तास दिला आणि पुढेही देईन.

भाषेचंही सांगते. मराठी, गुजराती, हिंदी भाषांतरं आहेत, पण प्रत्येक भाषेतली यादी वेगळी, म्हणून आपल्याला हवं ते आधी तपासून घ्या. शब्दही आपल्या पुस्तकाशी ताडून बघा. माझी नणंद नाशिकला शिकवते, तिच्या मुलांना 'विद्युतधारा' आणि 'रोध' ओळखीचे. माझ्या मुलांना 'विद्युतप्रवाह' आणि 'अवरोध'. मी भिंतीवर शब्दांचा तक्ताच लावला आहे.

लेखी परीक्षेची तयारी मात्र यातून होत नाही. ओहमच्या नियमाची गणितं वहीतच करून घ्यावी लागतात.

पुढच्या आठवड्यात प्रकाशाचं प्रकरण. फेटच्या भौमितिक प्रकाशिकीची (भिंगं, आरसे आणि प्रतिमा) फाइल उतरवून ठेवली आहे, पण या वेळी आधी बहिर्गोल भिंगं आणि मेणबत्त्या. मुलांना खिडकीचे पडदे ओढायला सांगून ठेवलंय.