चुन्याचं छत की कडुनिंब: मनपाकडे काय मागावं?

वस्तीतल्या मावशींनी विचारलं, "भाऊ, निवेदन एकाच कामाचं द्यायचं. छतं पांढरी करून मागू की झाडं?" नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा प्रश्न रास्तच आहे.

खर्च: चुना स्वस्त. रोपही स्वस्त, पण जाळी, टँकर आणि माणूस धरला की हिशेब फिरतो.

परिणाम: टिनाच्या घरात पांढरं छत त्याच उन्हाळ्यात जाणवतं, खोली काही अंशांनी उतरते. झाडाला सावली द्यायला पाच-सात वर्षं लागतात. पण ती रस्त्यावरच्या भाजीवाल्यालाही मिळते, छताचा गारवा मात्र घरातच राहतो.

टिकाऊपणा: चुना पावसात धुपतो, धूळ बसते, दर उन्हाळ्याआधी हात फिरवावाच लागतो. झाड पहिले तीन उन्हाळे जगलं की पुढची काळजी फारशी नाही. लावताना फोटो निघतात, पाणी घालताना कोणी नसतं! शहरातली झाडं सांभाळणारं वृक्ष प्राधिकरण १९७५ च्या राज्याच्या झाडं जतन कायद्यानुसार मनपाचंच, तेव्हा निवेदनात तीन वर्षांचं पाणीही लिहा.

टिनाची, दाटीची वस्ती असेल तर छत मागा. रुंद रस्ता, शाळा, बसथांबा असेल तर कडुनिंब किंवा करंज. मावशींच्या गल्लीत हातगाडीही जेमतेम शिरते. त्यांना मी छतच सांगितलं.